नाव घालणं आणि नावं ठेवणं

दिवस गेलेल्या बाईला मराठीत विचारायचा एक ठरलेला प्रश्न आहे : "नाव घातलं का?" बाळंतपणासाठी कुठल्या दवाखान्यात नाव नोंदवलं, एवढाच त्याचा अर्थ. विचारणारी शेजारीण असो, नणंद असो की ऑफिसातली मैत्रीण, प्रश्नात काळजी असते. याच भाषेत 'नावं ठेवणं' असाही एक वाक्प्रचार आहे आणि त्यात काळजीचा लवलेशही नाही. या दोहोंत अंतर किती, असा प्रश्न मला विरारमध्ये पडतो. कारण इथे एकाच पिनकोडच्या आसपास एका बाईचं नाव घातलं जातं, तर दुसरीला नावं ठेवली जातात, आणि दोघींची पोटं सारख्याच महिन्यांची असतात.

विरार पश्चिमेला, बोळींज किंवा ग्लोबल सिटीच्या एखाद्या टॉवरमधली मुलगी पाळी आठवडाभर चुकली की औषधाच्या दुकानातून पट्टी आणते. सहाव्या-सातव्या आठवड्याला तिची सोनोग्राफी झालेली असते आणि फाइल तयार असते. रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला जावं, महामार्गावर शिरसाड फाटा लागतो. तिथून अंबाडीकडे जाणारा रस्ता धरला की तासाभरात आपण वेगळ्याच ऋतुचक्रात पोहोचतो. दिवाळीनंतर या भागात वीटभट्ट्या लागतात. भट्टीच्या कडेला विटा रचून आणि वर पेंढा टाकून केलेल्या झोपड्या असतात. इकडे त्यांना भोंगे म्हणतात. अशाच एखाद्या भोंग्यातून आठव्या महिन्यात एक बाई सरकारी दवाखान्यात येते. पायांवर सूज, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरंफटक. केसपेपर काढताना तिला पहिला प्रश्न विचारला जातो : "इतके दिवस कुठे होतीस गं?"

या लेखाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर काय, हे नंतर पाहू. आधी हे पाहायचं आहे, की तो विचारण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्याची जबाबदारी कुणावर येते.

*

वैद्यकशास्त्राच्या बाजूने हा प्रश्न अगदी योग्य आहे, हे आधी कबूल करू. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, त्यानंतर चौदा ते सव्वीस आठवड्यांत दुसरी तपासणी, अठ्ठावीस ते चौतीसमध्ये तिसरी आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर चौथी, असं आपल्या सरकारी कार्यक्रमाचं किमान वेळापत्रक आहे. ते कुणाच्या लहरीवर ठरलेलं नाही. सुरुवातीला आलं तर गर्भाचं वय नीट काढता येतं, रक्तगट कळतो, हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढवायला हातात महिने असतात. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणीही महत्त्वाची. गरोदरपणातला रक्तदाब साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर, बऱ्याचदा अगदी शेवटच्या तिमाहीत चढतो. तो चढताना बाईला काही कळेलच असं नाही. डोकं दुखलं तर ती उन्हाला दोष देते. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याकडे पाहणं आणि लघवीतलं प्रथिन तपासणं, एवढ्या स्वस्त गोष्टीने झटक्यांपासून आणि मृत्यूपासून वाचता येतं. म्हणून "इतके दिवस कुठे होतीस?" विचारणारी नर्सबाई दुष्ट नसते. बहुधा तिने झटके आलेली बाई पाहिलेली असते. तिच्या रागात भीती असते.

एकूण आकडेही आपल्याला दिलासा देणारे आहेत. २०१८-२० या काळासाठी महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. याच पाहणीत देशभरात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता सुमारे ७० टक्के आणि चार तपासण्या पूर्ण झालेल्या जेमतेम ५८ टक्के होत्या. म्हणजे बाळंतपणाला दवाखान्यात येणं आणि त्याआधी वेळोवेळी येत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळा सुरू झाल्यावर माणूस कसाही येतो. काही दुखत नसताना दिवसभराचं काम टाकून येणं हे वेगळ्या जातीचं काम आहे. त्यासाठी उद्यावर विश्वास असावा लागतो आणि आज हातात थोडी सवड असावी लागते.

*

आता उत्तराकडे वळू. ती इतके दिवस कुठे होती?

अशी एक बाई डोळ्यांसमोर आणू. ती कुणी एक नाही, म्हणून तिला नाव देत नाही. विक्रमगड किंवा जव्हारकडच्या एखाद्या पाड्यावरची, वारली किंवा कातकरी. शेवटची पाळी गणपतीच्या सुमारास, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, असं धरू. तेव्हा भात पोटरीला आलेलं असतं. पुढची पाळी चुकते तेव्हा कापणीची घाई असते. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेल्या बयाण्यापायी नवरा-बायकोची जोडी भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं घेऊन टेम्पोत बसते. तेव्हा तिला जेमतेम दोन महिने झालेले असतात. बारा आठवडे पूर्ण होतात ते नोव्हेंबरच्या अखेरीस, भट्टीवर. दुसरी, तिसरी, चौथी तपासणी यायला हवी ती जानेवारी ते मे या काळात, तेही भट्टीवर. प्रसूतीची तारीख येते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो, भट्टी बंद होते आणि सगळे घरी परततात. शेतीवर आणि पावसावर बेतलेलं तिचं वर्ष आणि आठवड्यांवर बेतलेलं आपलं वेळापत्रक कुठेच जुळत नाही. ती उशिरा आलेली नाही. तिच्या कॅलेंडरात वेळच नव्हती.

बरं, ती निघाली तेव्हा दोन महिने झालेच होते, मग पाड्यावरच्या आशाताईला का नाही सांगितलं? यावर 'अडाणीपणा' हे उत्तर फार लवकर दिलं जातं. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये, ही रीत बोळींजच्या टॉवरमध्येही पाळली जाते. फेसबुकवर बातमी टाकायची ती चौथ्या महिन्यात. फरक इतकाच, की टॉवरमधली मुलगी शेजाऱ्यांपासून लपवते आणि डॉक्टरांना सांगते, कारण तिचे डॉक्टर तिचे शेजारी नाहीत. पाड्यावरची आशाताई त्याच पाड्यावरची असते. कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी मामेबहीण. गावातली बाई नेमावी ही योजना चांगलीच आहे, विश्वास त्यानेच येतो. पण गुपित राखण्याची जी सोय शहरात पैसे मोजून मिळते, ती इथे मिळत नाही. एकच रीत एकीला आड येते आणि दुसरीला येत नाही, तर दोष रितीत शोधून काय उपयोग?

भट्टीवर गेल्यावर ती दोन याद्यांच्या मधल्या फटीत पडते. माहेर-सासरच्या गावच्या यादीत तिच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा येतो. भट्टीच्या गावच्या यादीत ती मुळात नसतेच. विरारच्या आसपास तर ही फट आणखी गुंतागुंतीची. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. त्यातली २९ गावं आत राहणार की बाहेर, हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. त्याच्या पलीकडे जिल्हा परिषदेची हद्द. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. हद्दी आखणं हे राज्यकारभाराचं कामच आहे. मात्र पोटातलं मूल कुठल्या हद्दीत वाढतंय, हे ठरवायला आईला जागेवर बसून राहावं लागतं. नियमाप्रमाणे माता-बाल कार्ड हाती असलं की तिला कुठेही तपासून घेता येतं. नियम आहे आणि तो चांगला आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर मात्र अनोळखी गावातल्या अनोळखी खिडकीपुढे उभं राहून "मी इथली नाही" या वाक्याने सुरुवात करायची असते.

आणि मग हिशेब. तपासणी फुकट असते, असं आपण म्हणतो. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे, आणि तीही जोडीची. एकाने चिखल करायचा, एकाने विटा पाडायच्या, दोघांनी मिळून आकडा गाठायचा. बाई एक दिवस गेली की निम्मा नव्हे, जवळजवळ सगळाच दिवस बुडतो. आठवड्याला हातात पडते ती फक्त खर्ची. बाकीचा हिशेब हंगाम संपताना, बयाणा वजा करून. वर जाण्या-येण्याचं भाडं, सोबतीला कुणी तरी, मागे राहणाऱ्या लहानग्याची सोय. म्हणजे फुकट तपासणीची किंमत तिला बरोबर माहीत आहे. ती माहीत नाही ती आपल्याला. सरकारला मात्र ती एकदा उमगली होती. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या गरोदर स्त्रियांना चार हजार रुपये देण्याची जी योजना आहे, तिला आपल्या कार्यालयांत 'बुडीत मजुरी' म्हणतात. सरकारी भाषेत इतका खरा शब्द क्वचित सापडतो.

*

इथपर्यंत आलं की एक सोपं उत्तर हाताशी येतं. कांटचं एक तत्त्व नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवतात : "तू हे करायला हवं होतंस" असं म्हणायचं, तर ते करणं त्या माणसाला शक्य असायला हवं. तिला शक्य नव्हतं, म्हणून तिचा दोष नाही. विषय संपला.

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. त्यात दयेच्या आडून एक अपमान आहे. 'अडाणी' म्हणणारा तिची अक्कल काढून घेतो, तर 'बिचारी' म्हणणारा तिची इच्छा काढून घेतो. दोघांच्याही लेखी ती विचार करणारी बाई नाही. प्रत्यक्षात तिने विचार केलेला असतो. बयाणा फिटला नाही तर पुढच्या वर्षी त्याच शेठकडे यावं लागेल, हे तिने मोजलेलं असतं. मागचं मूल सुईणीच्या हातून नीट झालं, हे तिच्या खात्यात जमा असतं. मागच्या खेपेला खिडकीवर चारचौघांत "किती पोरं काढणार?" असं ऐकून घ्यावं लागलं, हे खर्चाच्या बाजूला असतं. ऑपरेशनचा किंवा तांबी बसवण्याचा आग्रह होईल ही भीतीही त्याच बाजूला. सगळं मांडून तिने ठरवलेलं असतं, की दुखल्याशिवाय जायचं नाही. ज्या किमती तिच्यापुढे होत्या त्या पाहता हा हिशेब चुकलेला नाही.

म्हणजे आपल्यापुढे अवघड गोष्ट ही आहे : तिने निर्णय घेतला हे मान्य करायचं, तो निर्णय तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोक्याचा होता हेही मान्य करायचं, आणि तरीही तिला दोषी धरायचं नाही. हे तिन्ही एकदम कसं म्हणता येईल?

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विचारवंत बाईंनी दोष आणि जबाबदारी यांत केलेला फरक इथे कामाला येतो. त्यांचं 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २०११ साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की दोष मागे वळून पाहतो. कुणी काय केलं, कुणाला धरायचं. पण काही अन्याय असे असतात, की त्यात प्रत्येकजण आपापल्या जागी नियमाप्रमाणे वागत असतो आणि तरीही शेवटी कुणीतरी चिरडलं जातं. तिथे गुन्हेगार शोधत बसलं तर एक तर कुणीच सापडत नाही, नाही तर सगळ्यात कमजोर माणूस सापडतो. अशा ठिकाणी जबाबदारी पुढे पाहणारी असते. या साखळीत मी कुठे आहे, आणि माझ्या जागेवरून मी काय बदलू शकतो, असा तिचा प्रश्न असतो.

आपल्या साखळीत दोष पाण्यासारखा उताराने वाहतो. मातामृत्यू झाला की त्याचं अन्वेषण होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण प्रश्न जिल्ह्याकडून तालुक्याकडे येतो, तालुक्याकडून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, त्यांच्याकडून नर्सबाईकडे, तिच्याकडून आशाताईकडे. आशाताईला कामागणिक मोबदला, तोही बऱ्याचदा उशिरा. ती काय उत्तर देणार? ती म्हणते, "सांगितलं होतं, ऐकलं नाही." इथे दोष तळाला पोहोचतो. तिच्या खाली फक्त गरोदर बाई असते, आणि तिच्या खाली कुणीच नसतं. या सगळ्या माणसांत वाईट कुणीही नाही, ही यातली खरी अडचण आहे.

भट्टीचा मालकही या साखळीत आहे, आणि मुकादमही. आणि विटेचं पुढे काय होतं? विरार-नालासोपारा गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या वेगाने वाढलं, त्या वाढीला वीट लागली. आपल्यापैकी ज्यांनी कर्ज काढून इथे वन-रूम-किचन घेतलं, त्यांनी काही गुन्हा केला नाही. तरी आपल्या भिंतीतल्या विटा पाडणाऱ्या जोडीतली एक कुणीतरी तेव्हा सातव्या महिन्यात असणं अगदी शक्य आहे. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. तिला "इतके दिवस कुठे होतीस?" असं विचारायच्या आधी थांबण्यासारखं मात्र आहे. ती आपल्या घराच्या कामावर होती.

*

हा विचार काही परदेशातून आणावा लागत नाही. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडणी केली, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. मालकाचा संबंधही त्यांनी नाकारला नाही, कारण बाईच्या श्रमाचा फायदा तो घेतो. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला, कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी. १९६१ साली देशाचा कायदा आला, २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण बयाण्यावर येणाऱ्या जोडीच्या वहीत पगारी रजेचा रकानाच नसतो.

या मांडणीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की आईला विश्रांती तिच्या चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून द्यायची नव्हती. ते देणं होतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही जवळपास प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. मात्र २०१७ पासून राबवल्या गेलेल्या मातृवंदना योजनेत तो पहिल्या अपत्यापुरता, पाच हजारांवर आणि हप्त्यांत आला. पहिला हप्ता लवकर नोंदणी केल्यावर, पुढचा तपासणी झाल्यावर. नंतर दुसरं अपत्य मुलगी असेल तर तिचीही भर पडली. आता गंमत पाहा. वैद्यकदृष्ट्या चौथं-पाचवं बाळंतपण अधिक जोखमीचं. रक्त आधीच कमी झालेलं, गर्भाशय थकलेलं. नेमकी तीच बाई योजनेबाहेर, आणि खिडकीवर बोलणी खाणारीही तीच. जिला सर्वात आधी शोधायला हवं, तिला लपायला आपण सर्वात जास्त कारणं दिली आहेत.

अटींच्या बाजूनेही बोलायला हवं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि वाहतूक मोफत केली, आणि त्या काळात दवाखान्यातली बाळंतपणं झपाट्याने वाढली. पैशाच्या आशेने का होईना, लाखो बायका दवाखान्यापर्यंत आल्या आणि वाचल्या. हे खोटं ठरवण्यात अर्थ नाही. पण अट घालण्यामागे एक गृहीतक असतं : माणसाला जमतं, फक्त मन होत नाही, थोडं आमिष दाखवलं की होईल. ज्यांच्याबाबत हे खरं होतं, त्या आल्या. ज्या अजून येत नाहीत, त्यांच्याबाबत ते बहुधा खरं नाही. रस्ता नसलेल्या पाड्यावर आमिषाने रस्ता होत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यात सातव्या महिन्यातच घरी जुळी झालेली एक आई रक्तस्राव होत असताना डोली करून डोंगर उतरून न्यावी लागली. जुळी वाचली नाहीत. हा तालुका मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. तिथे तिला 'लवकर नोंदणी कर' असं सांगणं चूक नाही, अपुरं आहे.

मातामृत्यूंच्या अभ्यासात 'तीन उशीर' नावाची मांडणी प्रसिद्ध आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ साली केलेली. पहिला उशीर जायचं ठरवण्यात, दुसरा दवाखान्यात पोहोचण्यात, तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. दुसरा आणि तिसरा उघडच बाईच्या हातात नसतात. त्या दोघींनी दाखवलेली महत्त्वाची गोष्ट ही, की पहिला उशीरही उरलेल्या दोघांना पाहूनच होतो. वाट अवघड आहे आणि पोहोचूनही पुढे नाशिकला किंवा सिल्वासाला पाठवतील, हे माहीत असलं की निघायचं ठरवायलाच वेळ लागतो. केसपेपरवर मात्र एकच उशीर लिहिला जातो, तिचा.

*

मग करायचं काय? निबंधाने धोरण सांगू नये, पण नैतिक प्रश्नाचं उत्तर शेवटी कुणी कुठे जायचं यावरच येत असेल, तर ते सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदरपणातल्या काळजीच्या शिफारशी बदलल्या. आधी चार भेटी होत्या, आता किमान आठ. पण आकड्यापेक्षा शब्दातला बदल मोठा आहे. 'भेट' जाऊन 'संपर्क' आला. भेट म्हणजे ती आली. संपर्क म्हणजे दोघांपैकी कुणीही आलं तरी चालेल, फक्त बोलणं आणि तपासणं व्हायला हवं. आपल्या वेळापत्रकात कितीही वेळा असल्या, तरी कोण कुणाकडे जाणार हा प्रश्न बाकी राहतो.

आणि याचं उत्तर याच भागात एकदा शोधलं गेलं आहे. भट्टीवरची मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून नव्वदच्या दशकात विधायक संसदेने शाळाच भट्टीवर नेली. तिचं नावच भोंगाशाळा. 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' हे वाक्य तेव्हाही हाताशी होतं. ते बाजूला ठेवून कुणीतरी चालत गेलं. जी गोष्ट फळ्याला जमली ती रक्तदाबाच्या पट्ट्याला का जमू नये? काही आरोग्य कर्मचारी आजही भट्ट्यांवर जातात, शिबिरं होतात. प्रश्न ते उपकार म्हणून होतं की हक्क म्हणून, आणि वर्षातून एकदा होतं की प्रत्येक महिन्याला, हा आहे. खर्ची वाटण्याचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी सगळे जागेवर असतात आणि काम थोडं सैल असतं. महिन्यातून एकदा त्याच दिवशी तिथे गेलं, तर तिची मजुरी बुडणार नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. काळजी घेणाऱ्याने दारापर्यंत यायचं म्हटलं, की पाळतही दारापर्यंत येते. स्थलांतरित माता आणि बालकांसाठी महिला व बालविकास विभागाने संगणकीय नोंदींची प्रणाली आखली, तिच्या सुरुवातीच्या प्रयोगात पालघरही होता. नोंद उपयोगाची आहे. गावची यादी भट्टीच्या गावाला कळली तर ती मधली फट बुजेल. पण कुणाची पाळी कधी चुकली, कुणाला कितवं मूल, हे दहा जणांच्या मोबाइलवर दिसणं म्हणजे काळजी नव्हे. नाही म्हणण्याची मोकळीक राहिली तरच 'हो' ला अर्थ. रक्त तपासू देईन, पण ऑपरेशनचं आत्ता बोलू नका, असं म्हणता येणाऱ्या बाईची काळजी आपण घेतली. ते म्हणता न येणाऱ्या बाईचा आपण फक्त माग काढला.

पुन्हा त्या खिडकीशी जाऊ. "इतके दिवस कुठे होतीस?" हा प्रश्न बंद करावा, असं मला म्हणायचं नाही. उलट तो खरोखर विचारावा. आज तो विचारला जातो तेव्हा उत्तराची अपेक्षा नसते. बाई मान खाली घालते, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरते आणि नर्सबाई पुढचा रकाना भरते. तिने हळूच "भट्टीवर" म्हटलंच, तर ते सबब म्हणून ऐकलं जातं. ती सबब नाही, पत्ता आहे. कुठली भट्टी, कुठल्या फाट्यावरून आत, तिथे आणखी किती जणी आहेत, त्यातल्या कितव्या महिन्यात कोण, मुकादमाचा फोन नंबर काय, हंगाम कधी संपतो, मग गाव कुठलं. एवढं केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं, तर पुढच्या महिन्यात दुसरी कुणी आठव्या महिन्यात इथे येण्याऐवजी पाचव्या महिन्यात तिथेच सापडेल.

आणि आलेल्या या बाईला आधी बसायला सांगावं. ती बरंच चालून आलेली असते.